शरीर पत्ता विसरत नाही

"दोन वर्षं आत टाका, आपोआप सुटेल." गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, व्यसनाविषयी बोलणं निघालं की हे कुणीतरी म्हणतंच. माल मिळाला नाही की काही आठवड्यांत शरीर स्वच्छ होतं, इतपत ते बरोबरही आहे.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला 1935 साली व्यसनी कैद्यांसाठी तुरुंग-रुग्णालय उघडलं. तिथे अब्राहम विकलर या डॉक्टरांना एक विचित्र प्रकार दिसला. कित्येक महिने मालाला न शिवलेले रुग्ण गटात बसून मालाच्या गोष्टी करू लागले की जांभया द्यायचे, त्यांचं नाक-डोळे वाहायचे. नुसत्या बोलण्याने टर्की, म्हणजे माल तुटल्यावर होणारा त्रास!

पावलॉव्हचा कुत्रा शाळेत भेटलेला असतो: घंटा वाजली की लाळ. इथे खेळ तोच, पण उलट्या दिशेचा. हेरॉइनने श्वास मंदावतो, म्हणून तोल सावरायला शरीर विरुद्ध बाजूने जोर लावतं. असं शेकडो वेळा झालं की ते मालाची वाट पाहत नाही. नेहमीची खोली, सुई, तोच मित्र दिसताच जोर लावून मोकळं होतं. माल आला तर तोल साधतो. नाही आला तर तो एकतर्फी जोर टर्की होऊन अंगावर येतो.

आणि जागाच बदलली तर? कॅनडातल्या शेपर्ड सीगल यांनी 1982 मध्ये हेरॉइनची सवय लावलेल्या उंदरांना मोठा डोस दिला. ओळखीच्या जागी 32 टक्के मेले, अनोळखी जागी 64 टक्के. सवय तीच, डोस तोच. बदलली ती फक्त खोली, म्हणून शरीराने आधी जोर लावला नाही. हा प्रयोग मला आजही थक्क करतो.

तुरुंगात माल घ्यायची ती गल्ली, म्हणजे घंटाच, नसते, म्हणून घंटा आणि जोर यांची गाठ सुटत नाही, नुसती घडी होऊन पडते. माल सोसण्याची ताकद मात्र ओसरते. सुटलेला माणूस गल्लीत येतो तो जुनी तलफ आणि जुना डोस घेऊन. वॉशिंग्टन राज्यात 1999 ते 2003 दरम्यान सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या 129 पट निघाला.

(चहात गुपचूप मिसळायच्या 'व्यसनमुक्ती' पावडरी विकणाऱ्यांनी हे वाचावं. घंटा गल्लीच्या कोपऱ्यावर वाजते, कपात नाही.)

सॅन दिएगोजवळच्या डोनोव्हन तुरुंगात 1990 पासून 'अॅमिटी' या संस्थेचा उपचार-समूह चालला. त्यात कैदी एकत्र राहून एकमेकांना सावरतात, जाबही विचारतात. सुटकेनंतर बाहेरच्या निवासातही उपचार सुरू ठेवता येत. तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात आलेले मोजले: उपचार न मिळालेले 75 टक्के, फक्त आतला उपचार पूर्ण केलेले 79, आतला आणि बाहेरचा दोन्ही पूर्ण केलेले 27.

पण 27 वर लगेच भाळू नका. बाहेर आल्यावरही शेवटपर्यंत टिकणारे मुळातच जिद्दीचे असू शकतात, आणि तेवढं श्रेय उपचाराच्या खात्यातून वजा करायला हवं. माझं लक्ष 79 कडे जातं. आत उपचार पूर्ण करून ते सुटले, आणि सुटल्यावर पुन्हा तीच गल्ली.