पास की पास_पर्सिस्ट: एजंटवरचा भार नेमका कशाने उतरतो

एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची स्थिती दुरून विचारायची पद्धत. नेट-एसएनएमपी हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर, आणि त्याचा एजंट म्हणजे यंत्रावर बसून प्रश्नांना उत्तरं देणारा प्रोग्राम. या एजंटला स्वतःला ठाऊक नसलेली माहिती बाहेरच्या स्क्रिप्टकडून घेता येते. त्यासाठी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘पास’ किंवा ‘पास_पर्सिस्ट’ यांपैकी एक ओळ लिहायची: आधी ओआयडी (त्या माहितीचा ठिपक्यांनी जोडलेल्या आकड्यांतला पत्ता), मग प्रोग्राम कुठे आहे ते. दोन्ही ओळी दिसायला जुळ्या, म्हणून बरेच जण ‘पास’ने एजंट दमला की तिथे ‘पास_पर्सिस्ट’ लिहितात आणि आता सगळं सुसाट चालेल असं धरून बसतात. तसं होत नाही.

परभणी-जिंतूर पट्ट्यातला एखाद्या छोट्या इंटरनेट सेवेचा टॉवर घ्या. पत्र्याची खोली, त्यात रॅक, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि त्याला जोडलेले डीएस१८बी२० जातीचे चार तापमान सेन्सर. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडून तिथेच मुक्काम ठोकतो, आणि लाइट गेली की खोलीतला पंखाही थांबतो. बॅटऱ्या टिकवायच्या तर त्या खोलीचं तापमान परभणीत बसलेल्या माणसाला कळलंच पाहिजे. हा सेन्सर १२ बिटांवर एक वाचन द्यायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो. चार सेन्सर एकापाठोपाठ वाचले की ३ सेकंद गेले.

‘पास’मध्ये प्रत्येक प्रश्नाला नवी प्रोसेस जन्माला येते. ‘गेट’ (याच ओआयडीची किंमत सांग) असेल तर स्क्रिप्टला -जी आणि ओआयडी मिळतो, ‘गेटनेक्स्ट’ (याच्या पुढच्या ओआयडीची सांग) असेल तर -एन आणि ओआयडी. स्क्रिप्टने तीन ओळी छापायच्या (ओआयडी, प्रकार, किंमत म्हणजे मूल्य) आणि संपायचं. चार किमतींचा वॉक केला, म्हणजे ‘गेटनेक्स्ट’ने त्या एकामागून एक विचारल्या, की स्क्रिप्ट पाच वेळा चालते. पाचव्या खेपेला ‘पुढे काही नाही’ एवढंच कळतं. दर वेळी पायथन नव्याने उभं राहणार, लायब्ररी नव्याने लोड होणार, आणि स्क्रिप्ट आळसाने लिहिलेली असेल तर चारही सेन्सर नव्याने वाचले जाणार.

खरं दुखणं यापुढचं आहे. हा एजंट एका वेळी एकच काम करतो. स्क्रिप्टच्या उत्तराची वाट बघत असताना तो नेटवर्क इंटरफेसचे काउंटरही (किती डेटा आला-गेला याचे आकडे) देत नाही, ज्यांचा तापमानाशी काडीचा संबंध नाही. वॉक करणाऱ्या एसएनएमपीवॉक या कमांडची मुळातली मुदत १ सेकंदाची, आणि उत्तर नाही आलं तर तो ५ वेळा पुन्हा विचारतो. एजंट अजून पहिल्याच प्रश्नात अडकलेला, त्यात ही नवी पाकिटं रांगेत येऊन उभी राहतात. पडद्यावर टॉवर बंद दिसतो, माणूस मोटारसायकल काढून निघतो, आणि टॉवर ठणठणीत असतो.

‘पास_पर्सिस्ट’मध्ये प्रोग्राम एकदाच सुरू होतो आणि जिवंत राहतो. एजंट त्याला ‘पिंग’ पाठवतो, त्याने ‘पाँग’ म्हणायचं. मग ‘गेट’ किंवा ‘गेटनेक्स्ट’ एका ओळीत, ओआयडी पुढच्या ओळीत. उत्तर त्याच तीन ओळींत, नसेल तर ‘नन’. प्रोसेस पुन्हा पुन्हा उभी करण्याचा खर्च इथे वाचतो. पण वाचतो तो तेवढाच. एजंट किमती साठवून ठेवत नाही, आणि स्क्रिप्ट उत्तर देईपर्यंत तो पूर्वीइतकाच अडकून राहतो. प्रश्न आल्यावर सेन्सर वाचायला जाल तर ते ३ सेकंद जसेच्या तसे राहतात.

म्हणून वाचन आणि उत्तर वेगळं करा. स्क्रिप्टमधल्या एका स्वतंत्र थ्रेडने (बाकीच्या कामाला समांतर चालणाऱ्या भागाने) मिनिटाला एकदा सेन्सर वाचून किमती मेमरीत ठेवायच्या. प्रश्न आला की मेमरीतून लगेच द्यायच्या. प्रोसेस जिवंत असल्यामुळेच हे सोपं होतं, आणि माझ्या मते ‘पास_पर्सिस्ट’चं खरं मोल इथे आहे. मात्र प्रत्येक किमतीसोबत ती घेतल्याची वेळ ठेवाच. सेन्सरची वायर उंदराने कुरतडली तर मेमरीतले ३८ अंश दिवसभर तसेच दिसत राहतील आणि आत बॅटऱ्या तापत असतील. किंमत पाच मिनिटांहून जुनी झाली की ‘नन’ द्या. आलेखात खंड दिसलेला परवडतो, खोटा आकडा परवडत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते बफरिंगपाशी. टर्मिनलवर स्क्रिप्ट नीट चालते, एजंटखाली मात्र गप्प. कारण पाइपमध्ये लिहिताना पायथन मजकूर साठवून ठेवतो. ‘पाँग’ बफरमध्येच राहतो आणि एजंट ताटकळतो. प्रत्येक उत्तरानंतर फ्लश करा, म्हणजे साठलेला मजकूर लगेच पुढे पाठवा. इनपुट बंद झालं की स्क्रिप्टनेही संपावं, नाहीतर एजंट गेल्यावरही ती मागे उरू शकते. आणि ‘गेटनेक्स्ट’साठी ओआयडी आकड्यांच्या क्रमाने लावा, अक्षरांच्या नाही, नाहीतर १० हा २ च्या आधी येतो आणि वॉक ‘ओआयडी वाढत नाही’ म्हणून थांबतो.

एकच किंमत हवी असेल, ती दर पाच मिनिटांनी विचारली जात असेल आणि क्षणात मिळत असेल, तर ‘पास’ पुरेसा आहे. उलट त्यात एक सोय आहे: स्क्रिप्ट बदलली की पुढच्याच प्रश्नाला नवी चालते. ‘पास_पर्सिस्ट’खाली जुनी प्रोसेस जिवंत असते, ती थांबवल्याशिवाय तुमची दुरुस्ती लागू होत नाही.