जनजागृती म्हणजे पर्यावरण शिक्षण नव्हे

5 जून आला की सोलापूर जिल्ह्यात प्रभातफेऱ्या निघतात, शपथा होतात, रोपासोबत फोटो निघतात. मग त्या सगळ्याचा अहवाल ‘पर्यावरण शिक्षण’ या मथळ्याखाली जातो. तिथेच माझा आक्षेप आहे. झाली ती जनजागृती. तीही हवीच, पण शिक्षण व्हायचं राहिलंय.

जागृती काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे: फलक, पथनाट्य, घोषणा. ती एक-दोन दिवसांत आटोपते, शिक्षणाला वर्षं लागतात. हा फरक किरकोळ आहे. जागृती रस्त्यावर आणि शिक्षण शाळेत, ही वाटणी तर मला मान्यच नाही. 1977 मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात झालेल्या युनेस्कोच्या परिषदेत पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टं ठरली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपण पहिल्या पायरीवर सत्कार उरकतो आणि घरी जातो.

खरी गफलत पुढे आहे. लोकांना कळलं की ते आपोआप तसं वागतील, असं आपण धरून चालतो. सोलापुरात पाणी कमी आहे हे कुणाला कळायचं राहिलंय? शहरात वर्षानुवर्षं नळ काही दिवसांआड येत आलाय. पिंपं भरून ठेवणारी, भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घालणारी बाई पाण्याचं मोल जाणते. तिला ‘पाणी हेच जीवन’ ऐकवून काय साधतं?

शेतकऱ्यालाही माहीत आहे. आपल्या जिल्ह्याखाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि भेगांना गट नंबर नसतो. एकाने ऊस मोडून ज्वारी पेरली, तर त्याने वाचवलेलं पाणी शेजारची बोअर उपसते. एकट्यापुरता विचार केला तर ऊस ठेवणाऱ्याचं गणित चुकत नाही. ते गणित बदलायचं तर सगळ्यांनी एकदम बदलावं लागतं, आणि तसं बदलायला शिकणं म्हणजे पर्यावरण शिक्षण. ते एकेकट्याला देता येत नाही.

हे शिक्षण आकड्यांपासून सुरू होतं. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. 1,000 हेक्टरांच्या शिवारात 500 मिमी पाऊस झाला तर 500 कोटी लिटर. पाटपाण्याच्या उसाची गरज हेक्टरी सुमारे 2 कोटी लिटर. म्हणजे 250 हेक्टर ऊस शिवारावर पडलेल्या अख्ख्या पावसाइतकं पाणी मागतो, आणि त्या पावसातलं बरंचसं तर उडून आणि वाहून जातं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मात्र काळ्या रानाच्या ओलीवर येते. हा हिशेब सातवीतली मुलं शाळेच्या पर्जन्यमापकावरून आणि विहिरीत सोडलेल्या टेपवरून करू शकतात. तो त्यांनीच ग्रामसभेत वाचावा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून पिकं ठरवायची, बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही. हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले, म्हणून ते पाळले गेले. 2019 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत सोलापूर जिल्ह्यातली गावंही घेतली गेली, आणि गावाने पाण्याचं अंदाजपत्रक करणं हा तिचा गाभा होता. पण बाहेरच्या तज्ज्ञाने ते तयार करून आणलं आणि गावाने नुसत्या सह्या केल्या, की गाव काही शिकत नाही. चार आकडे चुकलेला पण गावाने स्वतः मांडलेला ताळेबंद मला कधीही जास्त मोलाचा वाटतो. पुढच्या ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी मोजली की चूक सापडते, मग नियम बदलता येतो.

ठिबकचंही तसंच आहे. ठिबक घ्या हे सांगणं ही जागृती. पण ठिबकमुळे वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला तर भूजलाला काय मिळालं? उसाखाली किती क्षेत्र ठेवायचं हे ग्रामसभेने आधी ठरवलं असेल, तरच ते पाणी जमिनीत राहतं.

त्या ग्रामसभेला फक्त बोअरवाले येऊन चालत नाही. भूमिहीन मजूर आणि पाणी भरणाऱ्या बायका तिथे नसतील तर ताळेबंदात पिण्याच्या पाण्याचा वाटा सगळ्यांत शेवटी, उरलं तर, असा लिहिला जातो. माणसांचं आणि जनावरांचं मे अखेरपर्यंतचं पाणी पहिल्या ओळीत बाजूला काढा, पिकांची चर्चा त्यानंतर सुरू करा.