लहान मुलांचा कोर्स म्हणजे नेमका कुठला?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे कुणी ना कुणी मुलगी आईला घेऊन येते. दोघी कूलरसमोर बसतात, माठातलं पाणी पितात आणि मग आई मुद्द्यावर येते. "ताई, हिला लहान मुलांची भारी हौस. तो लहान मुलांचा कोर्स असतो नं, तो कुठं करायचा?"

अडचण 'तो' या शब्दात आहे. कारण तसे कोर्स निदान दोन आहेत आणि त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत. एक म्हणजे गृहविज्ञान शाखेतली मानव विकासाची पदवी, जिला जुन्या पिढीतले लोक अजून बालविकासच म्हणतात. दुसरा म्हणजे पूर्वप्राथमिक शिक्षिकेचा डिप्लोमा. दोन्हीकडे मुलांची विचारशक्ती कशी वाढते ते सांगणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे शिकवतात, दोन्हीकडे बालवाडीत प्रात्यक्षिकाला पाठवतात, दोन्हीकडच्या मुली रात्री जागून चार्टपेपर कापत बसतात. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणार तरी कसा?

मला तो नीट दिसला एका अंगणवाडीत. साडेतीन वर्षांचा एक पोरगा होता. त्याच्या आईची तक्रार, "शेजारचा 'अ' काढून राहिला, हा नुसत्या रेघोट्या मारतो." त्या दिवशी दोन्ही कोर्सच्या मुली तिथं होत्या. पदवीची मुलगी वही घेऊन त्याच्याशेजारी बसली. पोरानं पेन्सिल मुठीत धरली होती. तिनं गोल काढून दाखवला, त्यानं वाकडातिकडा का होईना, गोल काढला. अधिकचं चिन्ह दाखवलं, ते जमलं नाही. तिनं आईला विचारलं, जेवतो कसा, बटण लावतो का, जिना चढतो का, हाक मारली की वळतो का. मग वहीत लिहिलं: वयाला धरून आहे. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या आसपास अधिक, पाचव्याच्या सुमाराला त्रिकोण, असा हाताचा क्रम असतो. 'अ'मध्ये गोलाई, आडवी रेघ, उभी रेघ सगळंच एकावर एक येतं. तो साडेतीनला आला नाही म्हणून काही बिघडलेलं नसतं.

डिप्लोमाच्या मुलीनं काही लिहिलं नाही. तिनं पोराच्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतली आणि कणकेचा गोळा दिला. मग परातीत चवळीचे दाणे टाकून दोन बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायला सांगितलं. शेजारी जुना पेपर ठेवला, फाडायला. पोरगा तिथं वीस मिनिटं हलला नाही. आईला वाटलं, ही खेळवून राहिली. खरं तर बोटांत पेन्सिल धरायची ताकद येते ती त्या चवळीतून आणि फाडलेल्या पेपरातून.

पदवीच्या मुलीचं काम मूल कुठवर आलंय ते ओळखण्याचं. डिप्लोमाच्या मुलीचं, आज सकाळी नऊ वाजता पंचवीस पोरांच्या हातात काय द्यायचं ते ठरवण्याचं. दुसरं काम हलकं वाटतं ज्यांना, त्यांनी एकदा पंचवीस पोरं अर्धा तास सांभाळून बघावीत.

आता पदवीचं बघू. नागपुरात गृहविज्ञान म्हटलं की पहिलं नाव एलएडी कॉलेजचं निघतं, आणि पुढच्या शिक्षणासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा गृहविज्ञान विभाग आहे. मुलींना धक्का बसतो तो इथं की नुसती लहान मुलं शिकायला मिळत नाहीत. सुरुवातीला आहार, वस्त्रशास्त्र, घराचं व्यवस्थापन असं सगळं येतं. आणि मानव विकास म्हणजे गर्भापासून म्हातारपणापर्यंत. ज्या मुलीला फक्त गोड पोरं हवी असतात तिला हे रटाळ वाटतं. मला मात्र हाच भाग सगळ्यात उपयोगी पडला, कारण पोराच्या मागे उभी असलेली आई आणि आजी कळल्याशिवाय पोर कळत नाही. जाता जाता एक: बीएला गृहअर्थशास्त्र हा एक विषय घेणं आणि गृहविज्ञानाची पदवी घेणं या एकाच गोष्टी नव्हेत. इथंही दरवर्षी कुणीतरी फसतं.

पदवीनं दारं उघडतात ती प्रकल्पांची, संस्थांची, संशोधनाची. बालविकास प्रकल्प अधिकारी हे पद एमपीएससीमार्फत भरलं जातं. बाल न्याय कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हा निराधार, छळ झालेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीच्या सदस्यासाठी चालणाऱ्या पदव्यांची यादीच कायद्यात घातली. तिच्यात बालमानसशास्त्र, कायदा, समाजकार्य यांच्या जोडीला मानव विकासही आहे. अर्थात नुसती पदवी पुरत नाही, मुलांसाठी सात वर्षं केलेलं काम किंवा त्या क्षेत्रातला चालू व्यवसाय लागतो. पण निराधार, छळ झालेल्या मुलांचं काम हीच ओढ असेल तर बजाजनगरच्या मातृसेवा संघाच्या समाजकार्य संस्थेचाही विचार करावा. कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये मातृसेवा संघ सुरू केला, त्याच परंपरेतली ही संस्था.

या पदवीनं काय होत नाही, तेही स्पष्ट सांगते. तुम्ही थेरपिस्ट होत नाही. दिव्यांग मुलांना शिकवायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा कोर्स आणि परिषदेकडे नोंदणी लागते. आणि तुम्ही शिक्षिकाही होत नाही. हे मी अनुभवानं शिकले. पदवी हातात पडल्यावर एका नर्सरीत मुलाखतीला गेले होते. बाईंनी गुणपत्रिका उलटून पालटून पाहिली आणि विचारलं, "टीचर ट्रेनिंग कुठंय?" मी विकासाचे टप्पे घडाघडा म्हणून दाखवले. त्या म्हणाल्या, "छान. पण वर्ग घेतलाय का कधी?" घेतला नव्हता. नागपुरातल्या बर्डीच्या स्टॉपवर बसची वाट बघताना फार राग आला होता. आज वाटतं, बाईंचं बरोबरच होतं.

डिप्लोमाच्या बाजूला मात्र खरा चिखल आहे. शिक्षक प्रशिक्षणाला मान्यता देते एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, आणि तिच्या नियमात पूर्वप्राथमिकचा डिप्लोमा दोन वर्षांचा आहे, बारावीनंतरचा. त्याच्या शेजारी गल्लोगल्ली 'नर्सरी टीचर', 'मॉन्टेसरी' अशा पाट्या दिसतात, सहा महिन्यांच्या, वर्षाच्या. त्यातल्या काही ठिकाणी शिकवणं चांगलं असतं, खासगी नर्सरीवाले त्यांच्या मुली घेतातही. पण सरकारी नोकरीच्या जाहिरातीत तो कागद ग्राह्य धरला जाईलच असं नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बाल्यावस्थेतली काळजी आणि शिक्षण हा वर्षाचा डिप्लोमा घरी राहून करता येतो आणि त्याचं वाचायचं साहित्य उत्तम आहे. घरात मूल असलेल्या बाईला तो मी आवर्जून सांगते. वर्ग घ्यायचा सराव मात्र वेगळा मिळवावा लागतो.

डीएडशी तर गल्लत ठरलेली. आता त्याला डीएलएड म्हणतात. तो पहिलीपासूनच्या वर्गांसाठी आहे, बालवाडीसाठी नाही, आणि सरकारी शाळेसाठी त्याच्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागतेच. "मग बीएडच करते" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की बीएडवाले पहिली ते पाचवीसाठी पात्र नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलंय. नव्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्यामुळे पुढं बालवाडी आणि पहिलीमधली ही भिंत थोडी पातळ होईल. त्या टप्प्याचा पर्याय असलेला चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक कोर्सही निघालाय. त्याला राष्ट्रीय प्रवेश परीक्षा असते.

अंगणवाडीचं विचारतातच. तिथं सेविका स्थानिक रहिवासी आणि बारावी पास लागते, आणि मिळतं ते मानधन, पगार नव्हे. या दोन कोर्सांपैकी एखादा केला म्हणून अंगणवाडी मिळते, हा समज काढून टाका. गंमत म्हणजे या सगळ्या सरमिसळीचं मूळही तिथंच आहे. 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक डहाणूजवळच्या बोर्डी गावाला गेल्या, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ त्यांच्यासोबत. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तिथं नखं कापणं, अंघोळ घालणं, गाणी, मोजणी हे सगळं एकाच बाईचं काम होतं. काळजी आणि शिक्षण वेगळं काढायची चैन त्यांना नव्हती. कॉलेजांनी नंतर दोन खाती पाडली.

पाळणाघराला अजून दोन्ही लागतात. 2017 पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे नागपूरच्या मिहानसारख्या कंपन्यांच्या भागात हे काम वाढायला जागा आहे. पण नऊ महिन्यांच्या बाळाला घास अडकला तर काय करायचं, हे मला पदवीच्या वर्गात कुणी हातात बाहुली देऊन शिकवलं नव्हतं. तो प्रथमोपचाराचा वर्ग वेगळा करा.

यंदा आलेली मुलगी सगळं ऐकून घेत होती. आई फीवर अडली होती. मुलगी म्हणाली, "अन् दोन्ही केलं तर?" करता येतं. घरात तीन वर्षं थांबायची सोय असेल तर आधी पदवी, मग डिप्लोमा. लवकर कमवायचं असेल तर आधी मान्यतेचा डिप्लोमा, मग नोकरी करता करता पदवी. एनसीटीईच्या वेबसाइटवर मान्य संस्थांची यादी असते. मी तिथंच फोनवर ती उघडून दिली आणि फी विचारायच्या आधी हिच्यात संस्थेचं नाव शोधा म्हटलं. आईनं चष्मा काढून लेकीच्या हातात दिला, "तूच वाच."