घरी विडी वळणारी बाई नेमकी कुणाची कामगार?

जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या केंद्राच्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा त्यांच्या पोटात गेला. सोलापूरच्या पूर्व भागात पान-तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बायकांपुढे त्यामुळे जुनाच वाद नव्याने उभा राहू शकतो: ही बाई कारखानदाराची नोकर की कुणाचीच नाही?

न्यायालयांत याची सुरुवात 1950 च्या दशकात झाली. तयार विड्या आणून देणारे सट्टेदार, म्हणजे ठेकेदार, आणि त्यांची माणसं कारखान्याची कामगार नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात ठरवलं. डिसेंबर 1960 मध्ये नागपूरकडच्या प्रकरणात कौल उलटा पडला. तिथे हजेरी लागायची, दुपार उलटून आलेल्याला काम मिळत नसे, वाईट विडी बाद होई. कामगार ठरायला मालकाचा एवढा ताबा पुरेसा आहे, असं न्यायालय म्हणालं.

मग वर्षही पुरं झालं नाही तोच, ऑक्टोबर 1961 मध्ये, सिन्नरचा निकाल आला. खरा गुंता इथला आहे. रजेचा पगार दिला नाही म्हणून कारखानदारावर खटला झाला होता. माणूस कारखान्यात बसून विडी वळत होता, माल मालकाचा होता, विडी तपासून घेणाराही मालकच. तरी तीनपैकी दोन न्यायमूर्तींच्या मते तो ‘कामगार’ नव्हता. का, तर तो हवा तेव्हा यायचा, हवा तेव्हा जायचा, दिवसाला अमुक इतक्या विड्या वळल्याच पाहिजेत असं बंधन नव्हतं. दहा दिवसांहून जास्त गैरहजर राहायचं तर कळवावं लागे, पण तेही परवानगीसाठी नव्हे. तिसऱ्या न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं. नगावर मजुरी घेणारा माणूस उशिरा आला तर त्याचाच रोज बुडतो, त्याला वेळेचं बंधन घालायची मालकाला गरजच काय? ही साधी गोष्ट बहुमताने फारशी मनावर घेतली नाही, असं निकाल वाचताना जाणवतं. विडीच्या धंद्यातली मोकळीक म्हणजे बहुतेक वेळा मजुरी बुडवून घ्यायची मोकळीक.

1964 मध्ये मद्रासकडच्या प्रकरणात गाडी पुन्हा वळली. मधले ठेकेदार नावालाच स्वतंत्र, प्रत्यक्षात ते मालकाचेच हस्तक, असं त्यात ठरलं. पण असे उलटसुलट निकाल हाताशी धरून कामगाराने करायचं काय? म्हणून 1966 च्या कायद्याने वाद मुळातच मिटवायचा प्रयत्न केला. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून माल घेऊन घरी वळणारीही कर्मचारी ठरली. वीस दिवस काम केलं की एक दिवस पगारी रजा, आणि प्रसूती लाभसुद्धा. कारखानदार न्यायालयात गेले, पण 1974 मध्ये कायदा टिकला. 1977 मध्ये या धंद्याला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. त्यालाही आव्हान मिळालं आणि 1985 मध्ये न्यायालयाने घरी वळणाऱ्यांना त्यात धरलं. विडी बाद करण्याचा मालकाचा अधिकार हाच त्याचा ताबा, हा त्यातला कळीचा मुद्दा.

इतर क्षेत्रांतले अलीकडचे निकालही याच वाटेने जाताना दिसतात. एका केंद्रीय आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं ‘अर्धवेळ’ म्हणून राबवलेल्या सफाई कामगारांना डिसेंबर 2024 मध्ये कायम करायचा आदेश झाला, तो कागदावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहून.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र घरून काम करणाऱ्यांची वेगळी व्याख्या आली आहे आणि त्यांची गणना असंघटित कामगारांत होते. 1966 चा हक्काचा दर्जा आणि असंघटित कामगारांची ही सरकारी योजनांपुरती नोंदणी यांत बरंच अंतर आहे. सोलापूरची बाई कोणत्या खान्यात बसते, हे आता बहुधा नव्या खटल्यांतूनच ठरेल. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे या वादाची रिट याचिका मुंबईऐवजी तिथेच दाखल होईल.