हौद्यात वाळू टाकली की पिकअप बर्फावर घसरत नाही?

हा समज अर्धाच खरा आहे. रिकाम्या पिकअपचं बरंचसं वजन इंजिनामुळे पुढच्या चाकांवर असतं. ताकद फक्त मागच्या चाकांना मिळत असेल तर ती बर्फावर जागीच गरगरतात. अशा वेळी 100-150 किलो वाळू खरंच कामी येते.

चूक होते ती जागेची. चढवायला सोपं म्हणून पोती फाळक्याला चिकटून टाकली जातात. मागच्या ॲक्सलच्याही (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही) मागे पडलेलं वजन तरफेसारखं पुढची चाकं हलकी करतं. मग वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी नाकासमोर जाते. पोती दोन्ही चाकांच्या कमानींमध्ये, ॲक्सलच्या बरोबर वर ठेवा आणि पट्ट्यांनी आवळा. सुटं पोतं जोरात ब्रेक लागला की थेट केबिनवर आदळतं.

आणि थांबण्याचं काय? वाळूने थांबायचं अंतर कमी होत नाही, फोर-व्हील ड्राइव्हनेही (चारही चाकांना ताकद देण्यानेही) नाही. या दोन्ही गोष्टी फक्त गाडी हलवायला मदत करतात. थांबवतात टायर. साधारण 7 अंश सेल्सिअसखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं, म्हणून विंटर टायर चारही चाकांना लावा, फक्त मागे नाही.