अमेरिकन यादवी युद्धातील स्त्री-डॉक्टर

उत्तर आणि दक्षिणेतील राज्यांमधल्या अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळात वैद्यकीय पदवी हाती असूनही स्त्रियांना उत्तरेच्या लष्करात डॉक्टर म्हणून काम मिळवण्यासाठी झगडावे लागले. अमेरिकेतील वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री एलिझाबेथ ब्लॅकवेल १८४९ मध्येच पदवीधर झाल्या होत्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये जिथून डॉक्टर झाल्या, ते फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालयही १८५० पासून चालू होते. तरी लष्कराला स्त्रिया हव्या होत्या त्या परिचारिका म्हणूनच. खुद्द ब्लॅकवेल यांनाही न्यूयॉर्कमध्ये परिचारिका निवडून तयार करण्याचेच काम करावे लागले.

सर्वांत चिवट झुंज मेरी एडवर्ड्स वॉकर (१८३२–१९१९) यांची. १८५५ मध्ये त्या सिराक्यूजहून डॉक्टर झाल्या. युद्ध पेटताच वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी सर्जनचा हुद्दा मागितला, नकार मिळाला. मग पेटंट कचेरीच्या इमारतीत थाटलेल्या रुग्णालयात त्या बिनपगारी राबल्या. विजार आणि वर गुडघ्यापर्यंतचा झगा हा त्यांचा वेश. घोळदार पोशाख आरोग्याला घातक, असे त्यांचे ठाम मत होते. लोक वेशावरून बोल लावत, त्यांनी तो बदलला नाही. अखेर जनरल जॉर्ज टॉमस यांनी त्यांना ५२ व्या ओहायो पायदळ पलटणीत नेमले, तेही मुलकी कंत्राटी डॉक्टर म्हणून. तिथून त्या शत्रूच्या हद्दीतल्या रहिवाशांवरही उपचार करायला जात. १० एप्रिल १८६४ रोजी दक्षिणेच्या सैनिकांनी त्यांना पकडले आणि हेर ठरवून रिचमंडच्या कॅसल थंडर तुरुंगात चार महिने डांबले. ऑगस्टमध्ये कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा त्यांच्या बदल्यात दक्षिणेचा एक सर्जन सोडण्यात आला. हुद्दा नाकारणाऱ्या लष्कराने इथे मात्र त्यांना सर्जनच्या तोलाचे मानले, याचा त्यांना अभिमान होता. १८६५ मध्ये मिळालेले ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी पदक १९१७ मध्ये रद्द झाले. १९७७ मध्ये ते पुन्हा बहाल झाले. हे पदक मिळालेल्या त्या आजवरच्या एकमेव स्त्री आहेत.

डॉक्टर असलेल्या एस्थर हिल हॉक्स यांना तर परिचारिका म्हणूनही घेतले नव्हते. त्या साउथ कॅरोलायनातील ब्यूफोर्ट येथे डॉक्टर पतीकडे गेल्या आणि तिथल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या रुग्णालयात काम करू लागल्या. जुलै १८६३ मध्ये दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात जखमी झालेले ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय पलटणीचे सैनिक तिथेच आणले गेले. पती नसताना रुग्णालयाचा भार त्यांनीच वाहिला.

रिबेका ली क्रम्प्लर १८६४ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-डॉक्टर झाल्या. युद्ध संपल्यावर रिचमंडला जाऊन त्यांनी गुलामीतून सुटलेल्या लोकांवर, विशेषतः बायका-मुलांवर, उपचार केले.