आयएनआय कॉन्फिग फाइल पीएचपीत नेस्टेड ॲरे म्हणून वाचणं

आयएनआय म्हणजे सेटिंग्ज ठेवायची साधी टेक्स्ट फाइल, चौकोनी कंसात सेक्शनचं नाव, त्याखाली की = व्हॅल्यू अशा ओळी आणि कॉमेंट असेल तर ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम. जुन्या विंडोजमधल्या विन.आयएनआय, सिस्टम.आयएनआय या फाइलींमुळे हा प्रकार सगळ्यांना माहीत झाला, पण पक्कं स्टँडर्ड असं याला नाहीच, त्यामुळे प्रत्येक भाषा आपापल्या पद्धतीने वाचते. पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा स्वतःची सेटिंग्ज पण पीएचपी.आयएनआय मधेच ठेवते, म्हणून पार्सर (फाइल वाचून अर्थ लावणारा भाग) भाषेतच आहे, वेगळी लायब्ररी लागत नाही.

फंक्शन म्हणजे पार्स_आयएनआय_फाइल, आणि मजकूर आधीच हातात असेल तर पार्स_आयएनआय_स्ट्रिंग (हे पीएचपी 5.3 पासून). दुसरं आर्ग्युमेंट ट्रू दिलं नाही तर सेक्शन चक्क गायब होतात, सगळ्या की एकाच सपाट ॲरेत (की-व्हॅल्यूंच्या यादीत) येतात, मग [डेटाबेस] मधला होस्ट आणि [मेल] मधला होस्ट यातला नंतरचा तेवढा उरतो, एरर वगैरे काही येत नाही. ट्रू दिलं की $कॉन्फिग['डेटाबेस']['होस्ट'] असं नेस्टेड, म्हणजे ॲरेच्या आत ॲरे, नीट मिळतं. एकच सेक्शन फाइलीत दोनदा लिहिला तर मात्र दोन्ही जोडले जात नाहीत, दुसरा पहिल्याला पुसून टाकतो.

अजून एक पातळी हवी तर कीच्या नावाला कंस लावायचे, सर्व्हर[] लिहिलं की लिस्ट होते, सर्व्हर[मुख्य] लिहिलं की नावाची की. इथे पार्सरची मजल संपते. त्याहून खोल जायला लोक डॉट वापरतात, मास्टर.लॉगिन.युजर असं, पण पीएचपीला ती सरळ एकच लांबलचक की दिसते, त्यामुळे पुढचं काम आपलं: एक्स्प्लोड फंक्शनने डॉटवर तुकडे करायचे, रेफरन्स (ॲरेतल्या जागेकडे दाखवणारं बोट) घेऊन एकेक पातळी खाली उतरायचं, वाटेत ॲरे नसेल तर रिकामा बनवायचा, शेवटच्या तुकड्यावर व्हॅल्यू ठेवायची, आणि प्रत्येक नवीन कीच्या आधी रेफरन्स परत मुळाशी आणायचा. खरी गोची वेगळीच आहे. वर कॅश = ऑन आणि खाली कॅश.वेळ = 300 असं असेल तर कॅश आधीच स्ट्रिंग (साधा मजकूर) झालेली असते आणि तिच्यात उतरता येत नाही, अशा वेळी गुपचूप ओव्हरराइट करण्यापेक्षा एक्सेप्शन (काम थांबवणारी एरर) फेकलेलं बरं. झेंड फ्रेमवर्क या पीएचपीतल्या तयार कोडच्या संचात झेंड_कॉन्फिग_आयएनआय क्लासमधे डॉटची सोय तयारच होती, वर [स्टेजिंग : प्रॉडक्शन] लिहून एका सेक्शनने दुसऱ्याच्या व्हॅल्यू उचलायची सोयही होती.

टाइपचा घोळ वेगळा. नेहमीच्या मोडमधे ट्रू, ऑन, येस यांचं "1" होतं आणि फॉल्स, ऑफ, नो, नन, नल यांची रिकामी स्ट्रिंग, म्हणजे देश = एनओ असा नॉर्वेचा कोड कोट्सशिवाय लिहिला की नॉर्वे गायब! 5.6.1 मधे आलेला टाइप्ड स्कॅनर मोड खरे बूलियन (ट्रू/फॉल्स), नल आणि इंटिजर (पूर्णांक) देतो, पण नॉर्वेचं तिथेही फॉल्स होतं, म्हणून अशा व्हॅल्यूला कोट्स लावायचेच. पासवर्डलाही लावा, त्यात अर्धविराम असला तर पुढचा भाग कॉमेंट समजून कापला जातो. हॅशने सुरू होणारी कॉमेंट 7.0 पासून चालत नाही, जुन्या फाइली तिथे अडतात.

डिफॉल्ट फाइलवर लोकल फाइल चढवताना ॲरे_मर्ज_रिकर्सिव्ह वापरू नका, दोन्हीकडे होस्ट असेल तर होस्टचाच दोन व्हॅल्यूंचा ॲरे होतो. ॲरे_रिप्लेस_रिकर्सिव्ह नीट चालतं, फक्त लिस्ट सोडून, कारण ते इंडेक्सप्रमाणे बदलतं, डिफॉल्टमधे तीन सर्व्हर आणि लोकलमधे दोन असतील तर तिसरा जुनाच राहतो. त्यासाठी स्वतःचं छोटं फंक्शन लिहावं लागतं, ज्यात लिस्ट आली (8.1 पासून ॲरे_इज_लिस्टने कळतं) की ती पूर्ण बदलायची आणि बाकी ठिकाणी आत उतरायचं.